पायरीचा दगड

साकाता, १४ नोव्हेंबर

मिसाओताई,

काल इथे पहिला बर्फ भुरभुरला आणि जमिनीला टेकायच्या आत विरघळला. समुद्रावरचा वारा मात्र सुरू झालाय. खिडक्यांच्या फटींत कागद कोंबायचं काम तुमच्यामागे माझ्याकडेच आलंय.

तुम्ही निवृत्त होऊन नागासाकीला बहिणीकडे गेलात त्याला पाच वर्षं झाली, तरी मुलांच्या या घरात काही नवं घडलं की मी आधी तुमच्या खोलीकडेच वळते. आता तिथे सुगावारा-सान बसतात. माणूस चांगला आहे, पण दारातून हाक मारली की दचकतो. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, तेव्हा पत्रच बरं. वसतिगृहात दर रविवारी सिस्टर आग्नेस आपल्याला पत्रं लिहायला बसवायच्या ते आठवतं? मी पहिलीतली रडूबाई आणि तुम्ही शेवटच्या वर्गातल्या. माझ्या पत्रावरचे डाग टिपकागदानं टिपून म्हणाला होतात, "शाई सांडली असं लिही. घरचे काळजी करतील." तेव्हापासून तुम्ही ताई.

बातमी अशी की एक नवी मुलगी आलीय. आठ वर्षांची. खरं नाव लिहीत नाही, चिनात्सु म्हणू. बालकल्याण केंद्राच्या होन्मा-सान तिला घेऊन आल्या तेव्हा अंगावर उन्हाळी फ्रॉक होता. आई तिला बाल्कनीत ठेवून आतून दार लावायची, असं कागदात आहे. किती वेळा, किती वेळ, ते नाही.

ताई, इतकं शहाणं मूल मी पाहिलं नाही. प्रत्येक दारापाशी थांबते. जेवणघर असो, न्हाणीघर असो, तिची स्वतःची खोली असो. दोन्ही पाय जोडून उभी राहते आणि विचारते, "आत येऊ?" कुणी हो म्हणेपर्यंत उंबऱ्याला पाय लावत नाही. बाकीची तेरा पोरं वादळासारखी आत घुसतात आणि ही अशी!

गेल्या महिन्यात आम्हाला तीन दिवसांचं प्रशिक्षण होतं. दुखावलेल्या मुलांना कसं सांभाळायचं याचं. मुलानं काही वेडंवाकडं केलं की "का केलंस?" हे विचारायचंच नाही. अंगाला हात लावण्याआधी सांगायचं. अचानक काही करायचं नाही. मला पटलं. तुम्ही हसाल, माहीत आहे.

तुमची
कायो

•

नागासाकी, २५ नोव्हेंबर

कायो,

हसले. बहिणीनं विचारलं काय झालं, तर तिला म्हटलं, आमच्या कायोला साठाव्या वर्षी मुलं कशी सांभाळायची ते शिकवायला माणसं आली होती.

तीन दिवसांत शिकवून जातात आणि तेहेतीस वर्षं आपण काय केलं ते पुसून जातात. आपण मुलांना जेवू घातलं, ताप उतरेपर्यंत उशाशी बसलो, लग्नात त्यांच्या आईच्या जागी बसलो. आणि हो, मस्ती केली की दाराबाहेरच्या पायरीच्या दगडावर उभंही केलं. अर्धा तास वारा खाल्ला की पोरगं कसं मऊ होऊन आत यायचं! "चुकलो" म्हणायचं, गरम चहा प्यायचं, संपलं. कुणाला साधी सर्दी झाली नाही. आता तो दगड वापरत नाही असं मागे लिहिलं होतंस. वापरू नका. पण ते पाप असल्यासारखं बोलूही नका.

तुझी ही चिनात्सु मला फार आवडली. "आत येऊ?" विचारणारं मूल आजकाल कुठे मिळतं? आई कशी का असेना, पोरीला वळण लावलंय तिनं. सिस्टर आग्नेसनी तर तिला डोक्यावर घेतलं असतं. प्रार्थनाघराच्या दारात गुडघा टेकल्याशिवाय आत आलीस म्हणून तुला कितीदा परत बाहेर पाठवलं होतं!

संत्र्यांची पेटी पाठवतेय. इथे झाडाखाली सडा पडतो. पोरांना सालीसकट आंघोळीच्या पाण्यात टाकायला सांग.

मिसाओ

•

साकाता, २२ डिसेंबर

ताई,

संत्री पोचली. काल वर्षातला सगळ्यात छोटा दिवस, त्यामुळे रीतीप्रमाणे भोपळा शिजवला आणि न्हाणीघरात तुमच्या साली. सगळ्या घराला तुमच्यासारखा वास सुटला. म्हणजे छान अर्थानं.

आणि ऐका. परवा दुपारी मी स्वयंपाकघरात मुळा किसत होते. मागे वळून पाहिलं तर चिनात्सु ओट्यापाशी उभी. न विचारता आत आली होती! माझ्या हातातली किसणी थांबली. तिच्याही लक्षात आलं. चेहरा पांढराफटक. परत दारापर्यंत गेली, पाय जोडले, "आत येऊ?"

मी म्हटलं, "इथे विचारायचं नाही. हे स्वयंपाकघर आहे, इथे मांजरसुद्धा विचारत नाही."

"मांजर राहते इथे?"

"राहते कसली, चोरते."

हसली, ताई! दोन दात पडलेत, तिथून हसू बाहेर आलं. मग मुळ्याचं टोक खात बसली. तिखट लागला तरी थुंकली नाही, डोळ्यांतून पाणी काढत सगळं संपवलं.

आता ती फक्त स्वयंपाकघरात न विचारता येते. फक्त मी असले तर.

तुम्ही लिहिलंत की आईनं वळण लावलं. मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण प्रशिक्षणातल्या बाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, "ती दार वाजवते का?" मी आठवून पाहिलं. नाही. दार बंद असलं तर चिनात्सु नुसती उभी राहते. कुणी उघडेपर्यंत.

होन्मा-सान म्हणतात, मार्चअखेर ठरवायचंय. नव्या शालेय वर्षाआधी आईकडे परत पाठवायचं की इथेच ठेवायचं. आई दर दुसऱ्या रविवारी येते, स्ट्रॉबेरीचं दूध आणते, पोरीचे केस विंचरते. तिशीसुद्धा झालेली नाही तिची. काम करते, दारू पीत नाही, माफी मागते. केंद्राला वाटतं, पाठवावं. मला वाटतं, पोरगी आत्ता कुठे एका दारातून आत यायला लागलीय. पण मला वाटण्याला कागदावर जागा नाही.

आता एक सल्ला द्या. फेब्रुवारीत राक्षस हाकलायचा सण. नेहमीसारखा कुणीतरी राक्षसाचा मुखवटा घालून येणार, पोरं त्याला भुईमुगाच्या शेंगा मारणार. यंदा तरुण कुदो-सानची पाळी आहे. बैठकीत अर्धे म्हणाले नको, मुखवट्याला चिनात्सु घाबरेल. अर्धे म्हणाले, एका पोरीसाठी तेरा जणांचा सण बुडवायचा? तुम्ही काय केलं असतंत?

कायो

•

नागासाकी, ९ जानेवारी

कायो,

नव्या वर्षाचं जेवण बहिणीनं इतकं गोड केलं की माझे उरलेले दातही राजीनामा देतील.

सण करा. यात विचारायचं काय? तेरा पोरं वर्षभर कुणाला काही मारू शकत नाहीत, एक दिवस शेंगा मारू देत. मुखवट्याची भीती असेल तर मुखवटा आधी दाखवा. तिलाच रंगवायला द्या. कुदोनं तिच्यासमोरच तो घालावा आणि काढावा. हे शिकायला तीन दिवस लागत नाहीत.

आणि बाकी रीतीत कमीजास्त करू नका. राक्षस दारातून पळाला, पोरांनी "राक्षस बाहेर, सुख आत!" ओरडून झालं, की दार लगेच लावायचं, कडीसुद्धा. नाहीतर तो परत शिरतो. मी असताना हे दार तूच लावायचीस. तुझ्याच हातानं लाव. मग पोरं वयाएवढ्या शेंगा मोजून खातील, आणि आपली ती भाताची लांब गुंडाळी, त्या वर्षीच्या शुभ दिशेला तोंड करून, एक शब्द न बोलता. चौदा पोरं पाच मिनिटं गप्प! माझ्या नोकरीतला सगळ्यात सुखाचा प्रसंग तो.

तू फार विचार करतेस. वसतिगृहातही करायचीस.

मिसाओ

•

साकाता, ६ फेब्रुवारी

ताई,

फार लिहिता येणार नाही. सण झाला. चिनात्सु दवाखान्यात होती, काल परत आली. पायाच्या तीन बोटांना थंडी चावलीय. बोटं राहतील असं डॉक्टर म्हणतात.

मुखवटा तिनंच रंगवला होता. निळा, गालावर ठिपके. कुदो-साननं घातला तेव्हा ती हसत होती. आम्ही सगळे तिच्याकडेच बघत होतो, घाबरतेय का म्हणून. घाबरली नाही. मग राक्षस दारातून पळाला, पोरं मागून ओरडत गेली, गडबडीत ती बाहेर गेली. दार लागलं. ती बाहेर राहिली हे आमच्या लक्षात उशिरा आलं. बाहेर बर्फ पडत होता.

सुगावारा-साननी केंद्रासाठी टिपण तयार केलंय: "सणाच्या वेळी मूल स्वतःहून बाहेर गेले. थोड्याच वेळात आढळले." सगळ्यांनी सही करायची आहे. माझी राहिलीय.

कायो

•

नागासाकी, ११ फेब्रुवारी

कायो,

पत्र तीनदा वाचलं. बिचारी पोर. पण मला कुदोचा राग आलाय. मुखवटा घालणाऱ्यानं मागे वळून पाहायला नको? मी असते तर त्याला त्याच मुखवट्यात महिनाभर भांडी घासायला लावली असती. पोरगी आतून घाबरली असणार, हसून दाखवत असेल. मुलं दाखवतात तसं. म्हणजे तुझे अर्धे लोक बरोबर होते आणि मी चूक. घे, लिहून दिलं.

दोन गोष्टी मात्र माझ्या नजरेतून सुटल्या नाहीत. "उशिरा" म्हणजे किती, ते तू लिहिलं नाहीस. आणि "दार लागलं" असं लिहिलंस. दारं आपली आपण लागत नाहीत, विशेषतः ते आपलं जुनं दार. ते लावायला खांदा द्यावा लागतो.

मी विचारत नाही. सही कर. टिपणात खोटं काही नाही, गेलीच ना ती स्वतःहून? पुढच्या वर्षी तू निवृत्त होतेस. तेहेतीस वर्षांच्या शेवटी हा डाग कशाला? आणि तुला काढलं तर त्या पोरीला कोण राहिलं? स्वयंपाकघरात तरी येईल का ती?

शाई सांडली असं समज.

मिसाओ

•

साकाता, १९ फेब्रुवारी

ताई,

दार मी लावलं.

तुम्हाला ते कळलंच होतं. तरी मला लिहू द्या.

कुदो-सान पळाला, अंगणाला वळसा घालून मागच्या दारानं आत आला. पोरं दारातून शेंगा फेकत होती, ओरडत होती. मग मी त्यांना मागे सारलं आणि खांदा देऊन दार लावलं, कडी घातली. कडी घालताना खाली पाहिलं. उंबऱ्याच्या कडेला घरात घालायच्या सपातांचा एक जोड होता, टाचा जुळवून, नीट ठेवलेला. चौदा पोरांच्या त्या चेंगराचेंगरीत एकच जोड नीट. आणि मला काय वाटलं सांगू? वाटलं, किती वळणाचं मूल आहे हे. आणि कडी घातली.

मग शेंगा मोजल्या. मग आम्ही सगळे शुभ दिशेला तोंड करून बसलो. यंदा ती दिशा दाराच्या बरोब्बर उलट होती. सगळ्यांच्या पाठी दाराकडे. कुणी बोलायचं नाही, बोललं तर नशीब सांडतं. ताई, ती शांतता मला सुखाची वाटली. तुमची आठवण आली.

ताटातली एक गुंडाळी उरली तेव्हा कळलं. पस्तीस मिनिटं झाली होती.

ती दगडावर उभी होती. पायरीच्या दगडावर, नुसत्या मोज्यांवर, पाय जोडून, दाराकडे तोंड करून. खांद्यावर बर्फ साचला होता. मुठीत शेंगा होत्या, एकही फोडलेली नाही. मोजल्या नंतर, आठ होत्या. आपल्या वाटच्या तेवढ्या घेऊन गेली होती.

मी प्रशिक्षणात शिकलेलं सगळं विसरले. दवाखान्यात तिचे पाय हातात धरून विचारलं, "का? का नाही दार वाजवलंस?" जे कधीही विचारायचं नाही तेच.

ती म्हणाली, "राक्षसानं दार वाजवायचं नसतं."

आणि मग, माझं समाधान करावं तसं, "आता घर चांगलं झालं का?"

परवा आई आली. होन्मा-सान होत्या, मी होते. मी विचारलं, घरी हा सण करता का? ती हसलीच, रडता रडता. म्हणाली, "आमच्याकडे तर बारा महिने. हिनं दूध सांडलं, रडली, की मी म्हणायचे, राक्षस बाहेर! आणि बाल्कनीत. माझी आईपण हेच करायची. मला काय झालं?" मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "मी शंभर मोजायचे आणि दार उघडायचे. रोज. तुम्ही तर उघडलंच नाही."

ताई, मुखवट्याला कुणी घाबरलं नव्हतं. कुदोनं काही केलं नाही. आम्ही तीन बैठका घेऊन मुखवट्याचे दात गोल केले, आणि ते शब्द चौदा पोरांकडून घोकून घेतले.

आता माझ्यापुढे दोन कागद आहेत. एक सुगावारा-सानचा. त्यावर सही केली तर केंद्र म्हणेल, मूल इथून पळतं, आईपाशी पाठवा. होन्मा-साननी आईचं बोलणं ऐकलं, पण "थट्टेत म्हणाली असेल" असं म्हणाल्या. चिनात्सु मला जे बोलली ते माझ्याशिवाय कुणी ऐकलं नाही. ते लिहायचं तर दार, कडी, सपाता, पस्तीस मिनिटं, सगळं लिहावं लागेल. मग मला मुलांजवळ ठेवणार नाहीत. आणि तिलाही इथे ठेवणार नाहीत.

ती आता स्वयंपाकघराच्या दारातही विचारते.

कायो

•

नागासाकी, २४ फेब्रुवारी

कायो,

दोन दिवस तुझं पत्र देवघराच्या फळीवर, पितरांपाशी ठेवलं होतं. बहीण म्हणाली, कुणी गेलं का? म्हटलं, नाही, उभं आहे.

मी तुला लिहिलं होतं ना, अर्धा तास वारा खाल्ला की पोरगं मऊ होऊन आत यायचं. काल वही घेऊन बसले आणि त्या दगडावर मी उभ्या केलेल्या मुलांची नावं आठवून लिहू लागले. तेवीस झाली. त्यांतल्या किती जणांनी दार वाजवलं, ते आठवायला लागले. एकानंही नाही. मी इतकी वर्षं समजत होते की ती पश्चात्ताप करत उभी असायची.

एका मुलीचं तुला सांगितलेलं नाही. तू यायच्या आधीची. दोन वेण्या घालायची. मी तिला उभं केलं आणि एका पाहुण्याशी बोलत बसले. विसरले. तास-दीड तासानं आत घेतलं तेव्हा तिनं मला वाकून धन्यवाद दिले. मी ती गोष्ट वर्षानुवर्षं नव्या माणसांना कौतुकानं सांगितली. काय वळण, म्हणून. तूही ऐकली असशील. त्यातला विसरल्याचा भाग मी गाळायचे.

दार तुझ्या हातानं लाव असं लिहिणारी मी. कडीसुद्धा, असं लिहिणारी मी. हे पत्र होन्मा-सानना दाखवायचं असेल तर दाखव.

तू लिही. सगळं लिही. पोरगी तुझ्याजवळ राहणार नाही आणि तुझी नोकरी जाईल, दोन्ही मला दिसतंय. पण तिची आई कुणाच्या तरी घरात हेच शिकली, आणि कुणीतरी तेव्हा "थोड्याच वेळात आढळले" असं लिहिलं असेल.

सुगावारांना वेगळं पत्र टाकलंय. तो दगड उपटून टाका म्हणून. दारापुढे खड्डा राहिला तरी चालेल.

शाई सांडली नव्हती तेव्हा, कायो. तू रडत होतीस. तसंच लिहायला हवं होतं.

मिसाओ

•

साकाता, ३० मार्च

ताई,

लिहिलं. सात पानं झाली. सुगावारा-साननी वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं, आणि आपलं टिपण फाडलं. तेवढं त्यांच्यासाठी लक्षात ठेवेन.

चिनात्सु आईकडे गेली नाही. केंद्रानं नाही म्हटलं. डोंगरापलीकडे तीन तासांवर एक छोटं घर आहे, सहाच मुलं, शिकलेली माणसं. तिथे पाठवायचं ठरलं. मला एप्रिलपासून कपडे धुण्याकडे टाकलंय. मुलांच्या खोल्यांत जायचं नाही. एक वर्ष तिला भेटायचं नाही, पत्रही नाही. तिला नव्या माणसांची सवय व्हावी म्हणून. नियम बरोबरच आहे. मीच तो दुसऱ्या मुलांसाठी कितीदा पाळायला लावलाय.

या वेळी आम्ही सगळं पुस्तकातल्यासारखं केलं. बारा दिवस आधी सांगितलं. तारखांचा तक्ता केला, रोज एक चांदणी चिकटवायला दिली. नव्या घराचे फोटो आणले. तिनं फोटो नीट पाहिले आणि विचारलं, "इथे कडी कुठे असते?" होन्मा-साननी वहीत लिहून घेतलं. त्या हल्ली बरंच लिहून घेतात.

मी रोज तिला सांगितलं, तू राक्षस नाहीस. कुणीच मूल राक्षस नसतं. ती रोज म्हणाली, "हो." जशी पावाला हो म्हणते, दुधाला हो म्हणते.

आणि रोज दुपारी आम्ही दार वाजवायला शिकत होतो. स्वयंपाकघराचं दार. मी आत, ती बाहेर. मी आतून सांगायची, "मी इथेच आहे, वाजव." बाहेरून काही नाही. मी उघडायची, तर हात वर उचललेला, मूठ वळलेली, दारापासून चार बोटं लांब. असे नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी एकदा वाजलं. एका बोटानं. उंदीर असावा असं. मी दार उघडलं तर ती स्वतःच इतकी दचकली होती की आम्ही दोघी हसलो. मग मुळा खाल्ला. परत नाही वाजलं. दिवस संपले.

कालची सकाळ. दगड आता नाही. कुदो-साननं जमीन सैल झाल्यावर पहारीनं उपटला, तिथे खडी भरलीय, उतरताना पाय जरा खाली जातो. होन्मा-सान गाडीशी थांबल्या होत्या. पोरं रांगेत. चिनात्सुनं बूट घातले. बोटं अजून दुखतात, त्यामुळे डावा सावकाश. मग वळून वाकली आणि म्हणाली, "खूप त्रास दिला."

मी म्हटलं, "त्रास नाही दिलास. तुला बाहेर काढत नाही आहोत. तू जाते आहेस, वेगळं आहे ते."

"हो."

माझाच आवाज मला खोटा वाटला. तिनं काही केलं की तिला बाहेर ठेवतात, एवढंच तिला आयुष्यात कळलंय. ती बाहेर उभी राहिली म्हणून आम्ही खरं लिहिलं, आणि खरं लिहिलं म्हणून तिला बाहेर पाठवलं. यातलं वेगळेपण मला सात पानांत सांगता येतं. तिला ते उंबऱ्यावर कसं सांगू?

"दार उघडंच राहू दे," मी म्हटलं. "आम्ही हात हलवू."

ती बाहेर उतरली. मग वळली. दोन्ही हात दाराला लावले, आणि ते जड दार, ज्याला खांदा द्यावा लागतो, ते तिनं सगळं अंग लावून, हळूहळू, आवाज न करता लावलं. आपण शिकवलं होतं तसं. बाहेर जाणाऱ्यानं लावायचं.

पोरं पांगली. मी तिथेच उभी राहिले. ती दाराच्या पलीकडे अजून उभी आहे असं मला वाटत होतं, पाय जोडून. मी कान दाराला लावला. वाजवेल, असं वाटलं. एका बोटानं का होईना. मी मोजत होते का, ते मला माहीत नाही.

काही वाजलं नाही. मग मीच आतून, एका बोटानं, दार वाजवलं.

उघडलं तेव्हा खडीवर बुटांचे दोन ठसे होते, जोडलेले, दाराकडे तोंड केलेले. गाडी वळणापलीकडे गेली होती.

तुमची
कायो